डोळा एक, बाटल्या चार

पत्र आहे नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका शिक्षिकेचं. वय 39. दीड वर्षात त्यांचा उजवा डोळा तिसऱ्यांदा लाल झाला, ठणकू लागला, उजेड सोसेना. धंतोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिन्ही वेळा आयरायटिस सांगितला, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत पडद्याला आलेली सूज. या वेळी प्रेडनिसोलोन ॲसिटेटचे थेंब जागेपणी दर तासाला आणि सोबत बाहुली मोठी करणारे होमॅट्रोपिनचे थेंब दिले. दहा दिवसांत लाली गेली. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे होते, म्हणून बाईंनी दोन्ही थेंब परस्पर थांबवले. आठवड्यात डोळा पुन्हा भडकला, थेंब पुन्हा सुरू झाले. महिन्याभराने डोळ्यातला दाब मोजला तर 28 निघाला. डॉक्टरांनी बाटली बदलून लोटेप्रेडनॉल दिलं, दाबासाठी टिमोलॉल दिलं. आता ठणका नाही, पण नजर अजून धुरकट आहे.

मध्यंतरी पुण्याच्या नणंदेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिला डायफ्लुप्रेडनेट नावाचे ‘सगळ्यात पॉवरफुल’ थेंब मिळाले आणि चार दिवसांत डोळा पांढराशुभ्र. कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराचं म्हणणं, अँटिबायोटिक मिसळलेले डेक्सामेथासोनचे थेंब ‘तेच काम स्वस्तात’ करतात. बाई विचारतात: स्टेरॉइडच्या या चार थेंबांतला सगळ्यात चांगला कोणता? डॉक्टरांनी तोच आधी का नाही दिला? पुढच्या वेळी लाली दिसताच सुरू करता यावी म्हणून एक बाटली घरी ठेवली तर चालेल का? आणि शेवटी जाता जाता: वडिलांना काचबिंदू होता, म्हणजे बहुधा डोळ्यातला दाब वाढून मेंदूकडे जाणारी दृष्टीनाडी खराब होण्याचा आजार. नऊ वर्षांच्या मुलाचे डोळे उन्हाळ्यात फार खाजतात, म्हणून आपले ‘सौम्यवाले’ लोटेप्रेडनॉल पंधरा दिवस त्याला घातले, छान आराम आहे, चालू ठेवू का?

ताई,

तुम्ही जे जाता जाता लिहिलंत, ते मी आधी घेते. मुलाच्या डोळ्यांत तुमचे थेंब घालणं आजच थांबवा आणि याच आठवड्यात त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ‘माझे स्टेरॉइडचे थेंब पंधरा दिवस, दिवसातून इतक्या वेळा घातले’ हे तिथे न लाजता सांगा. नऊ वर्षांच्या पोराच्या डोळ्यातला दाब कुणी सहसा आपणहून मोजायला जात नाही. तुम्ही सांगितलंत तरच मोजतील.

रागावत नाहीये. आपल्याकडे एकाची बाटली दुसऱ्याच्या डोळ्यात जाणं ही घरोघरची गोष्ट आहे. आराम पडला हेही खरं, स्टेरॉइडने तो पडतोच. अडचण नेमकी तिथेच आहे. तुम्ही लिहिता त्यावरून मुलाला ॲलर्जीचा त्रास दिसतो, बहुधा डॉक्टर ज्याला ‘व्हर्नल’ म्हणतात तो: ऊन तापलं की अनावर खाज, चिकट तारा सुटणारा पांढरा स्राव, उजेडात डोळे मिचकावणं. कोरड्या, तापलेल्या हवेत हा आजार जास्त आढळतो, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये अधिक, आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, आला की नागपुरात अशा मुलांची रांग लागते. तो दरवर्षी उन्हाळ्यात परत येतो आणि बहुतेकांमध्ये वयात येईपर्यंत ओसरतो. म्हणजे पुढे कितीतरी उन्हाळे आहेत. दर उन्हाळ्यात घरातली बाटली काढून ‘आराम पडला’ म्हणत राहिलं, तर त्या आरामाचा हिशेब दाबाच्या आणि मोतीबिंदूच्या रूपाने चुकवावा लागतो. मुलांमध्ये दाब मोठ्यांपेक्षा लवकर चढू शकतो. तो दुखत नाही, आणि मूल ‘कडेचं दिसत नाही’ असं येऊन सांगत नाही. व्हर्नलमुळे नव्हे तर त्यावरच्या स्टेरॉइडमुळे नजर गेलेली मुलं आपल्या देशातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना नवीन नाहीत.

त्याच्यासाठी दुसरे मार्ग आहेत. थंड पाण्याच्या घड्या, अश्रूंसारखे साधे थेंब, बाहेर जाताना टोपी-गॉगल, आणि रोजच्यासाठी ओलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीचे थेंब, जे स्टेरॉइड नाहीत. त्रास जास्तच असेल तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड देतात आणि लवकरच सायक्लोस्पोरिनच्या थेंबांवर किंवा टॅक्रोलिमसच्या मलमावर आणतात. ही दोन्ही सूज आवरतात, पण दाब चढवत नाहीत. डोळे चोळू मात्र देऊ नका. वर्षानुवर्षं चोळून कॉर्निया, म्हणजे डोळ्याची समोरची काच, पातळ होऊन टोकदार व्हायचा धोका वाढतो. आजोबांना काचबिंदू होता हेही त्याच्या डॉक्टरांना सांगा.

आता तुमच्या डोळ्याकडे येते.

‘सगळ्यात चांगला कोणता’ या प्रश्नात एक गृहीतक दडलंय: जास्त पॉवरफुल म्हणजे जास्त चांगला. डोळ्यातल्या स्टेरॉइडला हे लागू होत नाही. सूज मोडण्याची ताकद आणि दाब वाढवण्याची ताकद या बऱ्याच अंशी हातात हात घालून येतात. म्हणून डॉक्टर बाटली निवडतात तेव्हा तीन गोष्टी पाहतात: सूज डोळ्याच्या वरच्या थरात आहे की आत, डोळा कुणाचा आहे, आणि औषध किती दिवस लागणार आहे. तुमच्या आणि नणंदेच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

प्रेडनिसोलोन ॲसिटेटला तुम्ही ‘जुना, साधा’ म्हणालात. जुना आहे खरा. पण आयरायटिसमध्ये अनेक दशकांपासून पहिला हात त्यालाच घातला जातो, कारण तो कॉर्नियातून पार होऊन आत, जिथे सूज आहे तिथे चांगला पोहोचतो. ‘प्रेडनिसोलोन’ एवढं नाव बघून भागत नाही. ॲसिटेट आणि फॉस्फेट असे त्याचे दोन प्रकार बाजारात असतात. फॉस्फेट पाण्यात विरघळतं, पण कॉर्नियाचा वरचा थर शाबूत असेल तर ॲसिटेटइतकं आत शिरत नाही. ॲसिटेट उलट विरघळतच नाही, त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात आणि बाटली ठेवली की ताकासारखे खाली बसतात. न हलवता थेंब घातला तर डोळ्यात वरचं पाणी जातं आणि औषध बुडाशी राहतं. तुम्ही दर वेळी बाटली चांगली हलवत होता का? ‘एवढ्या महागाच्या औषधाने फरक नाही’ म्हणत येणाऱ्या किती पेशंटची तक्रार या एका गोष्टीने मिटते, सांगून खरं वाटणार नाही.

डायफ्लुप्रेडनेटमध्ये ही भानगड नाही. ते दुधाळ इमल्शन आहे, प्रत्येक थेंबात औषध सारखंच येतं. अमेरिकेत 2008 मध्ये त्याला ऑपरेशननंतरच्या सुजेसाठी परवानगी मिळाली, 2012 मध्ये तुमच्यासारख्या आतल्या सुजेसाठीही. दिवसातून चार वेळा घातलेलं डायफ्लुप्रेडनेट आणि आठ वेळा घातलेलं प्रेडनिसोलोन ॲसिटेट यांची चाचण्यांमध्ये तुलना झाली, तेव्हा डायफ्लुप्रेडनेट मागे पडलं नाही. शाळेत तास घेणाऱ्या माणसासाठी आठाऐवजी चार ही मोठी सोय आहे, नाकारत नाही. लेबलवर त्याची मात्रा 0.05 टक्का लिहिलेली असते आणि प्रेडनिसोलोनची 1 टक्का; टक्केवारीवरून ताकद ठरवू नका, दोन वेगळ्या औषधांचे टक्के एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. पण या ताकदीसोबत दाबही चढतो, आणि कधी कधी भराभर चढतो. तुमच्या नणंदेला ते ऑपरेशननंतर थोड्या आठवड्यांसाठी मिळालं. तुम्हाला दीड वर्षात तिसऱ्यांदा औषध लागतंय, दाब एकदा 28 वर गेलाय आणि वडिलांना काचबिंदू होता. तुमचे डॉक्टर ती बाटली लिहायला कचरत असतील, तर मला ते शहाणपणाचं वाटतं.

लोटेप्रेडनॉल अमेरिकेत 1998 मध्ये आलं. त्याची घडणच अशी आहे की काम झालं की शरीरातली विकरं (एन्झाइम) त्याचे लवकर तुकडे करून ते निष्क्रिय करतात. म्हणून दाब चढण्याचा धोका कमी. कमी म्हणजे नाही असं नव्हे, हे मुलाच्या बाबतीतही लक्षात असू द्या. ऑपरेशननंतरची सूज, ॲलर्जी, कोरडे डोळे यांत ते उत्तम. मात्र भडकलेल्या आयरायटिसमध्ये प्रेडनिसोलोन ॲसिटेटशी तुलना केली तेव्हा ते कमी पडलं. हे मुद्दाम सांगतेय. तुमची नजर अजून धुरकट आहे, त्याची कारणं अनेक असू शकतात: सूज पूर्ण मोडलेली नसेल, होमॅट्रोपिन चालू असेल तर जवळचं धूसर दिसतंच, डोळ्याच्या मागच्या पडद्यात (रेटिनात) पाणी साचलं असेल किंवा मोतीबिंदूची सुरुवात असेल. यातलं कुठलं हे फक्त तपासूनच कळतं. तेव्हा ठरलेल्या तारखेची वाट न पाहता आधी जा. दाब उतरला असेल आणि आत सूज उरली असेल, तर डॉक्टर टिमोलॉलच्या आधाराने परत प्रेडनिसोलोनवर नेऊ शकतात. ते माघार घेणं नव्हे. सूज तशीच सोडली तर तीही डोळा खाते.

यांच्याच कुळातलं फ्लोरोमेथोलोन कुणी सुचवलं तर: तेही सौम्य, पण ते बऱ्याच अंशी वरच्या थरातच राहतं. ॲलर्जीला ठीक, तुमच्या आजाराला नाही.

राहिलं दुकानदाराचं डेक्सामेथासोन. ते कमजोर नाही, उलट चांगलं ताकदीचं आहे, आणि दाब चढवण्यात पुढे. त्यांनी दाखवलेल्या बाटलीत त्याच्या जोडीला मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा टोब्रामायसिन असणार. आयरायटिस हा सहसा जंतूंनी चिघळलेला डोळा नसतो, मग अँटिबायोटिक कशासाठी? दिवसातून अनेक वेळा, आठवडे-आठवडे, नको असलेलं औषध डोळ्याला कशाला पाजायचं? त्यातून डोळ्याचा वरचा थर खरवडल्यासारखा होतो तो वेगळाच. अशा जोडऔषधांना त्यांची जागा आहे, ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस ही त्यातली एक. पण आपल्याकडे ती ‘डोळा लाल, हे घ्या’ म्हणून काउंटरवरून दिली जातात. अँटिबायोटिकच्या ब्रँडच्या नावाला शेवटी ‘डी’, ‘डीएक्स’, ‘डीएम’ अशी शेपटी असेल तर बहुधा आत डेक्सामेथासोन असतं, ‘एलपी’ असेल तर लोटेप्रेडनॉल. नावावर विसंबू नका, खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचा. खोक्यावर उभी लाल पट्टी असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. हा नियम दुकानदारालाही माहीत असतो.

पैशांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. दर महिन्याला तीन-तीन बाटल्या घेणं जड जातं. पण स्वस्त हवं असेल तर ‘हेच औषध, याच प्रमाणात, जेनेरिकमध्ये आहे का’ असं विचारा. ‘यासारखं काही’ असं विचारलंत की दुसरंच औषध हातात पडतं.

आता ‘28’. तुमच्या पत्राचा सूर असा आहे की डॉक्टरांनी चुकीचं औषध दिलं, दाब वाढला, मग सावरण्यासाठी बदललं. मला ते तसं दिसत नाही. डोळ्यात सतत एक पाणी तयार होतं आणि काठावरच्या बारीक जाळीतून झिरपून बाहेर पडतं. काही लोकांच्या डोळ्यात स्टेरॉइडमुळे ही जाळी चोंदते, पाणी तुंबतं आणि दाब चढतो. साधारणपणे 10 ते 21 मिलिमीटर पारा हा नेहमीचा दाब धरतात. 1960 च्या दशकात अमेरिकेत बेकर आणि आर्माली यांनी निरोगी लोकांच्या डोळ्यांत काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब घालून पाहिले. सुमारे एक तृतीयांश लोकांचा दाब मध्यम चढला आणि शंभरातल्या साधारण पाच जणांचा 15 हून जास्त वाढला. काचबिंदू असलेल्यांमध्ये आणि त्यांच्या मुला-भावंडांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त असतं. तुम्ही त्या गटात बसता. बहुतेकांचा दाब दोन ते सहा आठवड्यांत वर येतो. तुमचा महिन्याभराने आला, आणि तो मोजला गेला म्हणून कळला. म्हणजे डॉक्टर जे करायला हवं तेच करत होते. तुम्ही वडिलांच्या काचबिंदूबद्दल त्यांना सांगितलं होतं का, ते पत्रात कुठे नाही. नसेल तर आता सांगा.

एक गुंता मात्र आहे. दाब वाढला म्हणजे तो स्टेरॉइडनेच वाढला, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. आयरायटिस जोरात असताना पाणी तयार करणारा भागही थकतो आणि दाब उलट खाली जातो. सूज उतरली की तो भाग पूर्ववत कामाला लागतो आणि दाब वर येतो. सुजेचा गाळही जाळीत अडकतो. आणि नागिणीच्या कुळातल्या विषाणूंमुळे होणाऱ्या आयरायटिसमध्ये दाब आजारामुळेच चढतो, तोही बहुधा एकाच डोळ्यात आणि परत परत. तुमचा एकच डोळा, तिसरी वेळ आणि चढलेला दाब हे एकत्र पाहता डॉक्टरांना जरूर विचारा: ‘हे विषाणूचं असू शकतं का?’ तसं असेल तर सोबत विषाणूविरोधी गोळ्या लागतात आणि नुसत्या स्टेरॉइडची अदलाबदल करत बसून भागत नाही. हा माझा निष्कर्ष नाही, इतक्या दुरून तो काढताही येणार नाही. प्रश्न विचारायला हवा एवढंच.

टिमोलॉलबद्दल एक सूचना, तुमच्यासाठी आणि ते घेणाऱ्या प्रत्येकासाठी. दमा असेल, कधीकाळी झाला असेल किंवा नाडी मंद चालत असेल तर हे थेंब घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. डोळ्यातलं औषध नाकावाटे रक्तात उतरतं आणि दम्याचा झटका येऊ शकतो. डोळ्यांच्या दवाखान्यात दम्याचं काय सांगायचं, असं वाटून लोक गप्प बसतात.

मध्येच औषध सोडण्याबद्दल फार बोलत नाही, तुम्हाला त्याचा धडा मिळालाच आहे. लाली जाणं म्हणजे सूज जाणं नव्हे. आतल्या पाण्यात तरंगणाऱ्या पेशी स्लिट लॅम्पखालीच, म्हणजे डॉक्टरांच्या दिवा लावलेल्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, आरशात नाही. म्हणून हे थेंब दर तासावरून दोन तासांवर, मग दिवसातून सहा, चार, तीन, दोन असे उतरवत आणतात, आणि प्रत्येक पायरी तपासून ठरते. होमॅट्रोपिन सोडणं मला जास्त खटकलं. त्याने धूसर दिसतं म्हणून लोकांना ते नकोसं होतं. पण बाहुली हलती आणि मोठी ठेवली नाही तर सुजलेला पडदा मागच्या भिंगाला चिकटतो. एकदा पक्का चिकटला की बाहुली वेडीवाकडी राहते, आणि पूर्ण चिकटला तर दाबाचं वेगळंच संकट उभं राहतं. पेपर तपासणं आणि होमॅट्रोपिन यांचं जमत नाही हे मान्य. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगा की माझे पेपर आहेत, थेंबांच्या वेळा रात्रीकडे सरकवता येतील का, की जवळच्या चष्म्याने भागेल. शाळेकडून चार दिवसांची सुटी हवी असेल तर प्रमाणपत्र मागा. तो तुमचा हक्क आहे.

घरी बाटली ठेवण्याचा प्रश्न वरवर दिसतो तितका चुकीचा नाही. ज्यांना आयरायटिस वारंवार होतो, त्यांना काही डॉक्टर स्वतःच सांगून ठेवतात: ठणका आणि उजेडाचा त्रास ओळखीचा वाटला तर अमुक थेंब अमुक वेळा सुरू करा आणि एक-दोन दिवसांत मला दाखवा. तुम्ही तालुक्याच्या गावी राहत असता, जिथून डॉक्टर ऐंशी किलोमीटरवर, तर मी म्हणाले असते की अशी लेखी सूचना मागून घ्या. पण तुम्ही मानेवाड्यात राहता. धंतोली-रामदासपेठेत डोळ्यांचे दवाखाने भरपूर आहेत, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांची ओपीडी आहे, मिहानला एम्स आहे. तुमचा दाब चढतो हेही आता कळलंय. मग न दाखवता बाटली उघडण्यात तुमचा फायदा किती?

दुसरं, प्रत्येक लाल डोळा आयरायटिस नसतो, अगदी तुमचाही. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते, आठवत असेल. अशा साथीच्या डोळ्यावर स्टेरॉइडची बहुधा गरज नसते, आणि त्याने विषाणू जास्त दिवस रेंगाळू शकतो. हर्पिसचा, म्हणजे त्याच नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा, व्रण असेल तर स्टेरॉइडने तो पसरतो. आणि आपल्या विदर्भातली खरी भीती बुरशीची. तुराट्या, पऱ्हाट्या, सोयाबीनचं धसकट, ज्वारीचं पान डोळ्याला लागतं आणि कॉर्नियावर बुरशीचा व्रण होतो. अशा डोळ्यात स्टेरॉइड गेलं की दोन दिवस बरं वाटतं, लाली उतरते, आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. मग माणूस नागपूरला पोहोचतो तेव्हा काच पांढरी झालेली असते. तुमच्या माहेरी किंवा सासरी शेती असेल तर ही गोष्ट तिकडे फोन करून सांगा: काडी लागलेल्या डोळ्यात दुकानातून आणलेला कुठलाही ‘लाली घालवणारा’ थेंब नको, थेट डॉक्टर.

थेंब कसे घालावेत, हेही लिहिते, कारण बाटली निवडण्याइतकाच त्याने फरक पडतो. हात धुवा, बाटली हलवा, खालची पापणी ओढून एकच थेंब टाका. डोळ्यात एका थेंबाइतकीही जागा नसते, दुसरा गालावरच येतो. मग डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. औषध डोळ्यात टिकतं आणि घशात कडू लागत नाही. टिमोलॉलसाठी तर हे हवंच. दोन वेगळ्या थेंबांत पाच ते दहा मिनिटं जाऊ द्या. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा आणि महिन्याने टाकून द्या. आपल्या मे महिन्यात स्कूटीच्या डिक्कीत किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटली ठेवू नका. सावलीत, खोक्यावर लिहिलं असेल त्या तापमानात ठेवा.

ताई, तुमच्या पत्रात चार औषधांची नावं अगदी बिनचूक आहेत, पण मला जी ओळ हवी होती ती सापडली नाही: हे परत परत का होतंय? पहिल्या वेळी कारण शोधलं नाही तरी चालतं, बऱ्याच वेळा ते सापडतही नाही. तिसऱ्या वेळी शोधायला हवं. सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली असते आणि हालचाल केली की मोकळी होते, असं होतं का? तसं असेल तर एचएलए-बी27 ही रक्ततपासणी आणि संधिवाताचे डॉक्टर. पाठीच्या कण्याचा एक संधिवात पुष्कळदा आधी डोळ्यातून डोकावतो, आणि बायकांमध्ये तो उशिरा ओळखला जातो, कारण कंबरदुखीला ‘घरकामाने होतं’ म्हणून सोडून देतात. आपल्याकडे क्षयही लक्षात ठेवावा लागतो, त्यासाठी छातीचा एक्स-रे आणि मांटू चाचणी करतात. तोंडात वारंवार फोड, अंगावर चट्टे, सांधे सुजणं, जुना खोकला, ओठावर उठणारी नागिणीसारखी पुळी, यातलं जे असेल ते लिहून न्या. कारण सापडलं आणि हल्ले तरी येतच राहिले, तर थेंब कमी लागावेत म्हणून मेथोट्रेक्सेटसारख्या पोटात घ्यायच्या औषधांचाही विचार करतात. तो निर्णय डोळ्यांचे आणि संधिवाताचे डॉक्टर मिळून घेतात. अशा वेळी बाटलीची तुलना आपोआप मागे पडते.

डॉक्टर बदलावेत का, असं तुम्ही थेट विचारलं नाही, पण ओळींमधून जाणवतं. मला बदलण्याचं कारण दिसत नाही, दुसरं मत मात्र अवश्य घ्या. शहरात फक्त युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्यातल्या सुजेचे आजार बघणारे डॉक्टर मिळाले तर त्यांचं घ्या. जाताना तिन्ही वेळच्या चिठ्ठ्या न्या आणि एका कागदावर तारखेसमोर कुठला थेंब, दिवसातून किती वेळा आणि त्या दिवशीचा दाब किती, असं मांडून न्या. रकाना रिकामा राहिला तर तुमच्या नेहमीच्या दवाखान्यातून केसपेपरची झेरॉक्स मागून घ्या. त्यांच्याकडे आकडा नोंदलेला असतो. दोन्ही डोळ्यांचे आकडे लिहा, डाव्याचेही. डाव्यात थेंब नाहीत, त्यामुळे उजव्याचा दाब नेमका किती चढला ते त्याच्याशी ताडून बघता येतं. आणि काचबिंदूच्या दृष्टीने दृष्टीनाडीची तपासणी आणि कडेची नजर मोजणारी फील्ड टेस्ट एकदा करून ठेवा, म्हणजे पुढे कधी फरक पडला तर तो कशाशी ताडायचा हे माहीत असेल.